वर्ग, कचेरी आणि ल्यूसिल ब्लुफोर्ड

पत्रकार वर्गात घडतो की वृत्तपत्राच्या कचेरीत? अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठाने १४ सप्टेंबर १९०८ रोजी आपले उत्तर दिले. पत्रकारितेचे वर्ग भरले त्याच दिवशी विद्यार्थ्यांच्या ‘युनिव्हर्सिटी मिसुरियन’चा पहिला अंकही बाहेर पडला. संस्थापक वॉल्टर विल्यम्स छापखान्यातल्या उमेदवारीतून संपादक झालेले. स्वतःपाशी महाविद्यालयाची पदवी नव्हती. बातमी शिकायची ती बातमीदारी करूनच, ही त्यांची खात्री होती.

पुढे हे पत्र ‘कोलंबिया मिसुरियन’ या नावाने विद्यापीठाच्या कोलंबिया गावाचे पत्र झाले. १९५३ मध्ये विद्यापीठाचे स्वतःचे व्यावसायिक दूरचित्रवाणी केंद्रही सुरू झाले. प्राध्यापक संपादकाच्या खुर्चीत, विद्यार्थी बातमीदाराच्या. चुकीचा जाब इथे परीक्षकाआधी वाचक विचारतो. हे शिक्षण फळ्यावर मिळत नाही.

पण कचेरी आपल्या गुणांबरोबर आपल्या खोडीही शिकवते. वृत्तपत्रमालक जोसेफ पुलित्झर यांचा भर म्हणूनच इतिहास, कायदा, अर्थशास्त्र यांवर होता. त्यांच्या देणगीतून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात उभी राहिलेली शाळा १९१२ मध्ये, त्यांच्या निधनानंतर सुरू झाली. दोन्ही वाटांना आपले बळ आहे, आणि माझा कल मिसुरीकडे आहे. तरीही तिथलीच एक घटना मला अडवते.

१९३९ मध्ये ल्यूसिल ब्लुफोर्ड या कृष्णवर्णीय पत्रकार तरुणीला मिसुरीने पदव्युत्तर प्रवेश दिला आणि ती नाव नोंदवायला आल्यावर, तिचा वर्ण पाहून, नाकारला. ती न्यायालयात गेली. १९४२ मध्ये युद्धामुळे विद्यार्थी आणि अध्यापक कमी पडतात, असे कारण सांगून विद्यापीठाने पत्रकारितेचा पदव्युत्तर अभ्यासक्रमच बंद केला. वृत्तपत्र ही जनतेची ठेव आहे, असे सांगणारे पत्रकारांचे व्रत याच शाळेच्या संस्थापकाने लिहिले होते. ब्लुफोर्ड यांनी पुढे ‘कॅन्सस सिटी कॉल’ हे कृष्णवर्णीयांचे पत्र अनेक वर्षे सांभाळले. विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली ती १९८९ मध्ये, पन्नास वर्षांनी. अंक वेळेवर काढण्याची शिस्त होती. आपल्याच दारातल्या अन्यायाशी भिडण्याचे धैर्य त्या शिस्तीतून आले नाही.

पत्रकारिता शिकवण्याची ही अमेरिकी परंपरा आपल्याकडेही पोहोचली. १९५० च्या दशकाच्या आरंभी नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात पत्रकारितेचा विभाग उभारताना रोलंड वूल्झली हे अमेरिकी प्राध्यापक तिथे होते. आज महाराष्ट्रात पत्रकारितेचे अभ्यासक्रम गावोगावी आहेत. त्यांनी मिसुरीकडून खरे वाचक असलेले पत्र जरूर घ्यावे: शेजारच्या प्रभागाचे, तालुक्याचे, नियमित निघणारे. त्याच्या संपादकाला कुलगुरूंच्या कार्यालयाविरुद्धची बातमीही छापता आली पाहिजे, आणि ही मुभा विद्यापीठाच्या नियमांत लेखी असावी. सोबत जातीचा, जमिनीचा, कायद्याचा इतिहास सक्तीने शिकवावा, आणि आपल्या वर्गात कोण पोहोचलेच नाही, याची पहिली बातमी विद्यार्थ्यांनी स्वतःच्याच विभागावर करावी.