विश्लेषण : ब्रिटनचा ‘मॅन्शन टॅक्स’ मूल्यांककांवर का अडणार?

ब्रिटनच्या अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात इंग्लंडमधील २० लाख पौंडांहून महाग घरांवर अधिभार जाहीर केला. अंमलबजावणी एप्रिल २०२८ पासून. वाद श्रीमंतांवरील कराचा रंगला असला, तरी कळीचा प्रश्न वेगळाच आहे : घरांच्या किमती ठरवणार कोण?

अधिभार किती?

वर्षाला २,५०० पौंडांपासून ७,५०० पौंडांपर्यंत. कमाल रक्कम ५० लाख पौंडांवरील घरांना. कौन्सिल टॅक्स बहुधा घरात राहणारा, म्हणजे भाडेकरूही भरतो. हा अधिभार मात्र मालकाने भरायचा. एक टक्क्याहून कमी घरे त्याच्या कक्षेत येतील. २०२९-३० मध्ये त्यातून सुमारे ४० कोटी पौंड अपेक्षित आहेत.

जुन्या नोंदी का पुरत नाहीत?

इंग्लंडमधील कौन्सिल टॅक्स आजही १९९१ च्या किमतींवर बेतलेला आहे. सर्वांत वरचा ‘एच’ गट ३ लाख २० हजार पौंडांच्या पुढे सुरू होतो. त्यातले कोणते घर आज २० लाखांपलीकडे गेले, हे त्या यादीतून कळत नाही. म्हणून २०२६ च्या किमतींनुसार नवे मूल्यांकन होणार आहे. १९९१ मध्ये घाईमुळे खासगी इस्टेट एजंटांनाही हे काम दिले गेले होते. गाडीतून उतरण्याचीही तसदी न घेता घरे जोखली गेल्याने त्या पाहणीला ‘सेकंड गिअर’ मूल्यांकन असे नाव पडले. त्यातल्या चुकांवर आजही तक्रारी होतात.

मनुष्यबळाचा पेच काय?

आपल्याकडील रेडी रेकनरसारखा विभागवार दर इथे चालणार नाही. शेजारशेजारच्या दोन घरांपैकी एकाखाली तळघर खोदलेले असेल, तर किंमत बदलते. शिवाय महागडी घरे क्वचितच विकली जातात, त्यामुळे तुलनेसाठी व्यवहारही कमी. त्यात, १९ लाख ९९ हजारांच्या घराला अधिभार शून्य आणि २० लाखांची रेषा ओलांडली की थेट २,५०० पौंड. या सीमेवरचे मालक अपिलात जाणार, हे उघड आहे. म्हणजे मूल्यांकक आधी किंमत ठरवायला लागणार आणि नंतर ती टिकवायलाही. चार्टर्ड सर्व्हेयर तर रातोरात तयार होत नाहीत; पदवीनंतरही प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण लागते. दर पाच वर्षांनी फेरमूल्यांकन असल्याने कंत्राटी भरतीवर भागणे कठीण.

हे काम व्हॅल्युएशन ऑफिस एजन्सीचे. व्यावसायिक मालमत्तांचे दर तीन वर्षांनी होणारे फेरमूल्यांकनही तिच्याकडेच आहे. त्यातच तिला ब्रिटनच्या महसूल खात्यात विलीन करण्याचा निर्णय २०२५ मध्ये जाहीर झाला.

पूर्वानुभव काय सांगतो?

लॉईड जॉर्ज यांच्या १९१० च्या कायद्याने जमीनमूल्यावर कर बसवले आणि त्यासाठी देशभरातील जमिनी मोजण्याचा घाट घातला. उत्पन्नापेक्षा खर्च जास्त झाला. त्यातले बहुतेक कर १९२० मध्ये रद्द झाले. मोजणीसाठी उभारलेले मूल्यांकन कार्यालय मात्र टिकले. आजची एजन्सी त्याचीच वारसदार.