बागेलाही वामकुक्षी लागते का?

परवा दुपारी साडेबाराला आमच्या भागातल्या एका बागेच्या फाटकापाशी ऐकलेलं बोलणं तसंच्या तसं देतो.

"दादा, पाच मिन्टं सावलीत बसू द्या. डबा खाते आन् जाते."

"मावशी, बंद झालीये. चारला उघडते. चारला या."

"चारला मी कुणाच्या तरी मोरीत भांडी घासत असते, दादा."

वॉचमन ओशाळला. पण त्याचा काय दोष? त्याने पाटीकडे बोट दाखवलं: सकाळी ६ ते ११, सायंकाळी ४ ते ८. मावशी समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर जाऊन बसल्या. पायरीवर निम्मं ऊन होतं. फाटकाच्या आत, दहा पावलांवर, वडाच्या सावलीत सगळी बाकं रिकामी होती.

पुण्यातली दुकानं एक ते चार बंद असतात यावर आपण इतकी वर्षं विनोद करतोय. दुकान मालकाचं आहे, त्याने झोपावं नाहीतर उघडावं. पण बाग कोणाची आहे? ती तर आपल्या करातून चालते. शहरात लहानमोठ्या दोनशेच्या वर बागा आहेत आणि त्यातल्या बहुतेकांच्या पाटीवर थोड्याफार फरकाने हीच वेळ असते. म्हणजे ऊन सगळ्यात कडक असतं त्याच तासांना शहरातली सगळ्यात गार जागा कुलपात!

आता मला सांगा, ही वेळ कोणासाठी ठरवली आहे? सकाळी सहाला चालायला येणारे माझ्यासारखे लोक आणि संध्याकाळी नातवंडांना घेऊन येणारे आजी-आजोबा. आमची काहीच गैरसोय नाही. दुपारी आम्ही घरी पंख्याखाली असतो. दोन कामांच्या मधल्या तीन तासांत घरी जाऊन येणं परवडत नाही अशा कामवाल्या मावशी, पुढच्या ऑर्डरची वाट बघत गाडीवर बसलेली डिलिव्हरीची पोरं, अभ्यासिकेत जागा न मिळालेला स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, बाहेरगावाहून दवाखान्यात आलेल्या पेशंटचे नातेवाईक, यांचं काय? बागेची खरी गरज यांना आहे आणि पाटी नेमकं यांनाच 'चारला या' म्हणते. मी वीस वर्षं त्याच फाटकातून आत जातोय. ती पाटी मला परवा पहिल्यांदा दिसली, हे कबूल करायला लाज वाटते.

पुण्याच्या बागा मुळात अशा नव्हत्या हो. १९५३ मध्ये पेशवे पार्कात प्राणिसंग्रहालय झालं, ८ एप्रिल १९५६ ला फुलराणी धावली. प्राणी पुढे कात्रजला गेले, पण आजही कोणत्याही पुणेकराला विचारा, फुलराणीची एक तरी आठवण निघतेच. का? कारण वाड्यातल्या दोन खोल्यांत आठ माणसं राहायची आणि बाग हाच त्यांचा दिवाणखाना होता. ज्यांचं घर लहान, त्यांच्यासाठी बाग मोठी. हा साधा हिशोब होता. आता ज्यांच्या घराला दोन-दोन बाल्कन्या आहेत, त्यांच्या सोयीने बागेचं घड्याळ चालतं.

आणि 'सार्वजनिक' या शब्दाला या शहरात फार मोठा इतिहास आहे. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. तो हौद त्यांचा खासगी होता, तरी! १९२३ मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई विधिमंडळाने सांगितलं की सार्वजनिक पैशातून बांधलेल्या विहिरी, धर्मशाळा सगळ्यांना खुल्या हव्यात. त्याच हक्कासाठी १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. बंद बागेची त्या अन्यायाशी बरोबरी मी करत नाही, करूही नये. पण जे लोकांच्या पैशाचं ते लोकांना खुलं, हे तत्त्व इतकी किंमत मोजून मिळालंय. ते एका पाटीने दुपारपुरतं गुंडाळून ठेवायचं?

आता नेहमीचे आक्षेप येतील, म्हणून आधीच बोलतो.

"दुपारी जोडपी येऊन बसतात." बसू देत. बाकावर बसून बोलणं गुन्हा नाही. आणि खरंच गैरप्रकार होत असेल तर वॉचमन आहे, पोलीस आहेत. चार लोकांच्या भीतीपोटी चारशे लोकांना बाहेर उन्हात उभं करणं ही कुठली शिस्त?

"झाडांना पाणी, साफसफाई कधी करायची?" भर दुपारी पाणी घालू नये हे घरी कुंडी असलेल्या कोणालाही कळतं. झाडलोट एकेक भाग बंद ठेवून करता येते. रेल्वे स्टेशन झाडायला आपण स्टेशन बंद करतो का?

"वॉचमनचा खर्च वाढेल." कुलूप लावलेल्या फाटकापाशी तो आत्ताही दुपारभर बसलेलाच असतो.

"हे जमणार नाही." बेंगळुरूत जमलं. तिथेही बागा दुपारी बंद असायच्या. २०२४ मध्ये तिथल्या महापालिकेने आपल्या बागा पहाटे ५ ते रात्री १० सलग उघड्या ठेवायचं ठरवलं, आणि तिथे हजाराहून जास्त बागा आहेत. दुसरं उदाहरण तर आपल्या घरातलंच. सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान आपण जपानच्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेवरून केलं. तळं आणलं, पूल आणले, हिरवळ आणली. त्या मूळ बागेला दुपारची सुट्टी नसते, तेवढं मात्र आणायचं राहून गेलं.

आणि हा नुसता सोयीचा प्रश्न राहिलेला नाही. २०१९ च्या एप्रिलअखेर शिवाजीनगरला पारा ४३ अंशांवर गेला होता. पुण्याची हवा गार, हे आता फक्त पाहुण्यांना सांगायला. २०१० च्या उन्हाळ्यात माणसं दगावली तेव्हा अहमदाबाद जागं झालं आणि २०१३ मध्ये त्यांनी उष्णतेचा कृती आराखडा केला. आपण माणसं दगावायची वाट बघायची का?

मागणी अगदी साधी आहे. यंदाच्या मार्च ते जूनमध्ये प्रत्येक प्रभागातली निदान एक बाग दुपारी उघडी ठेवा. सगळी नको, झाडाखालचा भाग पुरे. हिरवळीला दोरी बांधा. प्यायचं पाणी आणि स्वच्छतागृह चालू ठेवा. चार महिन्यांनी बघू, काय बिघडतं ते. नवीन कारंजं नको, सेल्फी पॉइंट नको, उद्घाटन तर मुळीच नको. फक्त एक कुलूप काढायचंय.

तुमच्या भागातल्या बागेच्या पाटीचा फोटो खाली टाका, वेळ दिसेल असा. आपण सगळे मिळून नगरसेवकांना पाठवू. आणि एकदा तरी दुपारी साडेबाराला त्या फाटकाबाहेर पंधरा मिनिटं उभे राहा. छत्री न घेता.