हिशेब उजेडाचा



बँकेत छत्तीस वर्षे दुसऱ्यांचे हिशेब तपासले. निवृत्तीनंतर मात्र स्वतःच्याच घरातील एक हिशेब चुकला. तो पैशांचा नव्हता, उजेडाचा होता. आपल्यापैकी अनेकांच्या घरी सध्या छताखाली दुसरे छत करून त्यात गोल दिवे बसविण्याचे काम चालू असेल किंवा मनात असेल, म्हणून तो येथे मांडतो.

तळोद्यातील आमचे जुने घर धाब्याचे, सागवानी खांबांचे होते. त्या जागी स्लॅबचे घर झाले आणि गेल्या उन्हाळ्यात मुलाच्या व सूनबाईंच्या आग्रहाने बैठकीच्या खोलीला जिप्समचे फॉल्स सिलिंग केले. कारागिराने बारा फूट बाय चौदा फुटांच्या खोलीत बारा वॅटचे बारा दिवे आखले. रंग शुभ्र पांढरा. मी नकाशा न मागता होकार दिला. कर्जदाराचा कागद न वाचता सही करणाऱ्या अधिकाऱ्यास मी स्वतः कधी क्षमा केली नव्हती, हे येथे नमूद करावयास हवे.

पहिले आठ दिवस आलेगेलेले कौतुक करीत राहिले. मग पावसाळा लागला. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांस आषाढ-श्रावणातील किडे सांगावयास नकोत. खिडकीतून ते थव्याने येत, दिव्याभोवती फिरत आणि सकाळी फरशीवर पडलेले असत. माझ्या मातोश्रींचे वय अठ्ठ्याऐंशी. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपून त्या बैठकीत पोथी घेऊन बसत. हळूहळू त्यांनी तेथे बसणे सोडले आणि स्वयंपाकघरातील एका लहान दिव्याखाली पाट मांडला. कारण विचारले तेव्हा म्हणाल्या, "अरे, डोळ्यांना टोचते ते मी सोसेन. पण रोज सकाळी हे जीव सुपलीत भरायचे, हे मला सोसत नाही. एवढा उजेड कुणासाठी लावलाय?"

या प्रश्नाने मी कागद-पेन्सिल घेतली. खोलीचे क्षेत्रफळ १६८ चौरस फूट, म्हणजे सुमारे १५.६ चौरस मीटर. बैठकीस साधारण १५० लक्स उजेड पुरतो. गुणाकार सुमारे २,३४० ल्युमेन. भिंती, धूळ आणि दिव्याचे वय यांची घट धरून ४,००० ल्युमेन घ्यावेत. बारा वॅटचा बरा एलईडी दिवा सुमारे १,००० ल्युमेन देतो. म्हणजे चार दिवे पुरे होते. आम्ही तिप्पट लावले होते. रोज पाच तास धरले तर चार दिव्यांना वर्षाला सुमारे ८८ युनिट लागतात, बारा दिव्यांना सुमारे २६३.

किड्यांचा प्रश्न रंगाशीही निगडित आहे. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्यावरील पिवळ्या लेपामुळे तो पांढरा दिसतो. निळ्या एलईडीच्या शोधासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. बहुतेक किडे याच निळ्या व अतिनील प्रकाशाकडे अधिक ओढले जातात. ६,५०० केल्विनच्या शुभ्र दिव्यात निळा अंश अधिक, तर २,७०० ते ३,००० केल्विनच्या पिवळसर दिव्यात तो कमी. पिवळ्या दिव्याने किडे अजिबात येत नाहीत असे नव्हे. पण कमी येतात. खिडकीला बारीक जाळी आणि तिन्हीसांजेला बंद पडदा यांची जोड हवीच.

वयाचाही हिशेब आहे. म्हातारपणी बुबुळातील बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होते; म्हणून वाचावयास उजेड अधिक लागतो, पण उघड्या दिव्याची तिरीप मात्र सोसत नाही. तेव्हा दिव्याचा प्रकाशबिंदू कडेपासून आत खोल असावा, बसण्याच्या किंवा पलंगाच्या जागी डोक्यावर दिवा नसावा आणि वाचनासाठी स्वतंत्र दिवा जवळ ठेवावा.

दिवे उतरविताना आणखी एक गोष्ट उघड झाली. वरच्या पोकळीत तारांचे जोड नुसत्या टेपने गुंडाळून सोडले होते आणि एका ड्रायव्हरवर थर्माकोलचे तुकडे पडून त्याचे आवरण करपले होते. एलईडी थंड असतो हा समज अर्धवट आहे. त्याची उष्णता मागच्या बाजूने बाहेर पडते आणि मे महिन्यात आपल्याकडे स्लॅबखालची पोकळी आधीच तापलेली असते. म्हणून दिव्यामागे हवेस जागा ठेवावी, जोड कनेक्टरने करून डबीत बंद करावेत, तार तांब्याची दीड चौरस मिलिमीटरची घ्यावी आणि फळीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. दिव्यावर व ड्रायव्हरवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहूनच खरेदी करावी. विजेचा दाब वरखाली होत असेल तर तो सोसणारा ड्रायव्हर मागावा.

आता आमच्या खोलीत चारच दिवे आहेत: लांबीच्या भिंतींपासून तीन फुटांवर, रुंदीच्या भिंतींपासून साडेतीन फुटांवर. ते पंख्याच्या पात्यांच्या घेराबाहेर येतात, म्हणून उजेड लुकलुकत नाही. पंख्याचा हूक स्लॅबलाच आहे. फॉल्स सिलिंगला वजन टांगू नये. दोन-दोन दिव्यांना वेगळे बटण आहे आणि एक जोडी इन्व्हर्टरवर आहे.

छिद्र पाडण्यापूर्वी कागदावर पंखा, पलंग, कपाट, खिडक्या आणि घरातील ज्येष्ठांची बसण्याची जागा आखून घ्यावी. दिव्याचे छिद्र किती व्यासाचे, हे खोक्यावर वाचावे, मगच कारागिराच्या हाती करवत द्यावी. आम्ही उलट्या क्रमाने गेलो. आठ छिद्रे बुजवून रंग दिला, तरी कलत्या उन्हात आठ फिकट वर्तुळे अजून दिसतात. मी ती पुसून काढण्याच्या मागे लागलेलो नाही.

मातोश्रींचा पाट पुन्हा बैठकीत आला आहे. नऊ वाजता त्या पोथी मिटतात आणि स्वतः उठून दोन दिवे बंद करतात.