बंदीला पर्यावरणाचं नाव देऊ नका

पुण्यात माझ्या टीममध्ये एक व्हीगन सहकारी आहे. दूध नाही, दही नाही, चामड्याचा पट्टासुद्धा नाही. मला त्याचा आदर वाटतो, कारण तो बोलतो तसं वागतो. पण परवा जेवताना तो म्हणाला, ‘‘राजकारण सोड, पण गोवंश हत्याबंदीनं पर्यावरणाचं तरी भलं झालं ना?’’ मीटिंगची वेळ झाली होती. उत्तर राहून गेलं, ते इथे देतो.

राज्यात गाय 1976 च्या कायद्यापासूनच संरक्षित होती. मार्च 2015 मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल, वळूही त्यात आले. कत्तलीला पाच वर्षांपर्यंत कैद. म्हशीवर मात्र अशी सरसकट बंदी नाही. मिथेन तर दोघींच्याही पोटातून निघतो! शिवाय थकलेला बैल आणखी पाच-सात वर्षं जगला, तर तो तेवढी वर्षं मिथेनच सोडणार. दूधधंद्यावर कायदा काहीच बंधन घालत नाही. संकरित गाईचा गोऱ्हा औताच्या कामाचा नसतो, दूधवाल्याला तो नको असतो. त्याचं काय होतं हे व्हीगन मंडळींनाच जास्त ठाऊक आहे. मग हा कायदा त्यांना आपला कसा वाटतो?

आता आर्णीचं सांगतो. आमची पाच एकर शेती, कापूस आणि सोयाबीन. पूर्वी बैल थकला की अब्बा तो बाजारात विकायचे, वर थोडी भर घालून नवा आणायचे. म्हातारा बैल म्हणजे शेतकऱ्याची अडीनडीची ठेव होती. बंदीनंतर त्याला गिऱ्हाईक राहिलं नाही, आणि गाडीत घालून न्यायला ड्रायव्हर धजेना. शेजारचे काका, जे मांसाला हातही लावत नाहीत, अब्बांना म्हणाले होते, ‘‘भाऊ, चारा याले टाकू का पोरायची फी भरू?’’ आमच्या घरी आता जोडी नाही. नांगरटीला भाड्याचा ट्रॅक्टर येतो. 2012 ते 2019 या दोन पशुगणनांमध्ये राज्यातला गोवंश सुमारे 1.55 कोटींवरून 1.40 कोटींवर आला. ट्रॅक्टर हे त्याचं मोठं कारण आहेच, एकट्या कायद्यावर खापर फोडणार नाही. पण जनावर वाचवायला आणलेल्या कायद्यानंतर जनावरं वाढली नाहीत, एवढं तर दिसतं.

आणि कापूस? तो शंभर टक्के व्हीगन आहे. 2017 च्या पावसाळ्यात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात त्याच कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात पडले. सहकाऱ्याच्या सुती टी-शर्टवर ‘क्रूरतामुक्त’ असं छापलेलं आहे. मी त्याला टोमणा मारत नाही, मीही कापूसच घालतो. पण ज्या हिशोबात बैल धरला जातो आणि पंप पाठीवर घेतलेला मजूर सुटतो, तो हिशोब मला मान्य नाही.

व्हीगन विचार पटवून द्यायचा असतो. पटवून देणाऱ्याशी मी रोज वाद घालीन, कदाचित एक दिवस हरेनही. पण त्याच्या मागे पोलीस आणि पाच वर्षांची कैद उभी असली, की कुरेशी समाजातला माझा वर्गमित्र, ज्याचा पिढीजात धंदा गेला, त्यात करुणा कुठे शोधणार?

तरीही एक गोष्ट आपल्या लोकांना सांगायलाच हवी. कायदा चुकीचा आहे म्हणून आपलं ताट बरोबर ठरत नाही. मांस खाणं कुणी फर्ज केलेलं नाही. आपल्या वलिम्यांमध्ये पातेलंच्या पातेलं सालन उकिरड्यावर जातं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पाणी, चारा, जीव, सगळंच वाया. पुढच्या महिन्यात घरात लग्न आहे. तीन सालनांऐवजी एकच करा, सोबत दालचा ठेवा, असं चाचांना फोनवर सांगितलं. ‘‘लोक काय म्हणतील?’’ एवढंच म्हणाले. अजून हो म्हटलेलं नाही.