स्वाक्षरी करदात्याची, जबाबदारी कोणाची?

आयकर विवरणपत्रे भरण्याचा हंगाम आला की तालुक्याच्या गावापासून महानगरांपर्यंत एका व्यवसायाला उधाण येते. कुठे सनदी लेखापालाचे कार्यालय, कुठे वकिलाची बैठकीची खोली, कुठे विमा प्रतिनिधीचे टेबल, तर कुठे झेरॉक्सच्या दुकानात कोपऱ्यात ठेवलेला एक संगणक. शिक्षक, पोलीस शिपाई, कारखान्यातील कामगार, निवृत्त कारकून, किराणा दुकानदार असे सारे तेथे येतात. सोळा नंबरचा फॉर्म आणि बँकेचे पासबुक पुढे ठेवतात आणि म्हणतात, "साहेब, आता तुम्हीच काय ते बघा." या एका वाक्यात संपूर्ण विश्वास सामावलेला असतो. त्या विश्वासाचे आपण काय करतो, हा प्रश्न करसल्लागारांनी स्वतःलाच विचारण्याची वेळ आली आहे.

कायद्याची स्थिती मोठी विलक्षण आहे. आयकर अधिकाऱ्यापुढे करदात्याच्या वतीने कोणी उभे राहावे, हे १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम २८८ ने ठरवून दिले होते. त्यासाठी वकील, सनदी लेखापाल, नातेवाईक अशा ठरावीक व्यक्तींनाच मान्यता होती. परंतु जे विवरणपत्र पुढच्या साऱ्या प्रकरणाचे मूळ असते, ते दुसऱ्यासाठी भरून देण्यास मात्र कोणतीही पात्रता वा नोंदणी सक्तीची झाली नाही. २००६ साली केंद्र शासनाने पदवीधरांना प्रशिक्षण देऊन विवरणपत्रे तयार करणाऱ्यांची एक फळी उभारण्याची योजना आणली. तिच्यात मानधन ठरत असे ते करदात्याने भरलेल्या कराच्या प्रमाणात. कल्पना उत्तम होती, पण योजना ऐच्छिक होती. तिच्या बाहेर राहून काम करणाऱ्यावर कसलेच बंधन आले नाही. आज बाजारात नेमका उलटा हिशेब रूढ झाला आहे. मानधन ठरते ते मिळवून दिलेल्या परताव्याच्या टक्केवारीवर!

या टक्केवारीतच सर्व अनर्थाचे बीज आहे. परतावा जितका मोठा, तितकी सल्लागाराची कमाई मोठी. मग न भरलेले घरभाडे, न घेतलेले शैक्षणिक कर्ज, न दिलेली राजकीय पक्षाची देणगी आणि नसलेला आजार हे सारे विवरणपत्रात अवतरू लागते. १४ जुलै २०२५ रोजी आयकर विभागाने अशा खोट्या वजावटींविरुद्ध देशभर पडताळणीची मोहीम हाती घेतली, तेव्हा तिचा रोख प्रामुख्याने अशा मध्यस्थांवर होता. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे स्वतःहून मागे घेतल्याचे विभागाने त्या वेळी जाहीर केले. ज्या राज्यांतील कारवायांचा उल्लेख विभागाने केला, त्यांत महाराष्ट्रही होता. काही मध्यस्थांनी केवळ घाऊक विवरणपत्रे भरण्यापुरते तात्पुरते ई-मेल पत्ते तयार केले आणि नंतर ते सोडून दिले, त्यामुळे विभागाच्या नोटिसा कोणी वाचल्याच नाहीत, हेही तेव्हा उघड झाले.

यात भरडला कोण जातो? एक साधा हिशेब मांडून पाहू. समजा, एखाद्या शिपायाला ३० हजार रुपयांचा खोटा परतावा मिळवून दिला आणि त्यातील ६ हजार मध्यस्थाने ठेवून घेतले. शिपायाच्या हाती आले २४ हजार. पुढे दावा खोटा ठरला, तर ३० हजारांचा कर परत करावा लागेल, त्यावर व्याज द्यावे लागेल, आणि जाणूनबुजून चुकीची माहिती दिल्याबद्दल १९६१ च्या कायद्यातील कलम २७०अ प्रमाणे चुकविलेल्या कराच्या २०० टक्के, म्हणजे ६० हजार रुपये दंडही होऊ शकेल. चोवीस हजारांच्या मोहापायी नव्वद हजार आणि वर व्याज! तोवर मध्यस्थाचे दुकान दुसऱ्या गल्लीत गेलेले असते. विवरणपत्राखाली नाव असते ते करदात्याचे. "मला ठाऊक नव्हते," हे त्याचे म्हणणे शब्दशः खरे असले, तरी ते त्याला तारू शकत नाही.

म्हणूनच या व्यवसायातील जाणत्यांनी नव्यांना काही गोष्टी स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. पहिली गोष्ट मानधनाची. मानधन कामाचे घ्यावे, परताव्याचे नव्हे. १९४९ च्या सनदी लेखापाल कायद्याने लाभाच्या टक्केवारीवर वा निकालावर अवलंबून असलेले शुल्क, नियमांनी मुभा दिलेले अपवाद वगळता, व्यावसायिक गैरवर्तन मानले आहे. जो नियम सनदी लेखापालास लागू आहे, तो इतरांनी आपणहून स्वीकारण्यास कोणाची आडकाठी आहे?

दुसरी गोष्ट, संकेतस्थळावरील खाते करदात्याचेच राहू द्यावे. मोबाईल क्रमांक त्याचा, ई-मेल त्याचा किंवा त्याच्या घरातील जाणत्या मुलाचा. सोयीसाठी स्वतःचा क्रमांक शंभर अशिलांच्या खात्यांना जोडणारा सल्लागार उद्या आजारी पडला, तर शंभर कुटुंबांच्या नोटिसा एका बंद मोबाईलमध्ये अडकून पडतात. विवरणपत्र भरल्यावर तीस दिवसांच्या आत त्याची पडताळणी झाली का, हे पाहावे आणि भरलेल्या विवरणपत्राची प्रत, गणनेच्या कागदासह, अशिलाच्या हाती द्यावी. ती त्याची वस्तू आहे.

तिसरी गोष्ट, लेखणी हाती घेण्यापूर्वी 'एआयएस' या नावाने २०२१ पासून उपलब्ध असलेले वार्षिक माहिती विवरण उघडावे. बँकेचे व्याज, लाभांश, समभागांची विक्री, जमिनीचा व्यवहार यांची नोंद तेथे आधीच पोहोचलेली असते. अशिलाला विसर पडलेली मुदतठेव सरकारला मात्र आठवत असते. त्यातील नोंद चुकीची असेल, तर तसा अभिप्राय तेथेच नोंदवावा. पण ती पाहिलीच नाही, असे होऊ नये. वजावटीचा आकडा लिहिण्यापूर्वी पावती डोळ्यांखालून घालावी. वर्षाला एक लाखाहून अधिक घरभाड्याची सवलत मागायची असेल, तर घरमालकाचा पॅन लागतो. थकीत वेतनावर कलम ८९ ची सवलत हवी असेल, तर १०ई हा फॉर्म आधी भरावा लागतो. तो राहिल्यामुळे हक्काची सवलत गमावलेले शिक्षक थोडे नाहीत. पतीच्या मागे मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन हे 'वेतन' नसून 'इतर उत्पन्न' असते, हे न कळल्याने एखाद्या विधवा भगिनीचे विवरणपत्र चुकते. खोटी वजावट नाकारणे हे जसे सल्लागाराचे कर्तव्य, तसेच खरी वजावट शोधून मिळवून देणे हेही त्याचेच कर्तव्य.

सर्वांत अवघड प्रसंग येतो तो अशिलाच्या आग्रहाचा. एकाला गृहकर्ज हवे असते म्हणून तीन वर्षांचे वाढीव उत्पन्न दाखवायचे असते. नसलेल्या व्यवसायाची उलाढाल लिहून, अंदाजी उत्पन्नाच्या कलम ४४अड चा आधार घेऊन विवरणपत्र 'बनवून' देणारे अनेक आहेत. कर तर भरलाच आहे, मग बिघडले कोठे, असे त्यावर विचारले जाते. बिघडते ते हे, की त्या कागदावर विसंबून बँक कर्ज देते आणि न पेलणारा हप्ता त्या कुटुंबाच्या मानगुटीवर बसतो. दुसऱ्याकडे रोख रक्कम असते आणि तिला शेतीच्या उत्पन्नाचे पांघरूण घालायचे असते. त्याला सातबारा मागावा, पीकपाहणीची नोंद मागावी, बाजार समितीतील आडत्याची पट्टी किंवा साखर कारखान्याचे ऊसबिल मागावे. ज्याच्या शेतात खरोखर पीक आले आहे, त्याला हे कागद दाखविण्यात कमीपणा वाटत नाही. खऱ्या शेतकऱ्याला मिळालेल्या सवलतीकडे संशयाने पाहिले जाते, ते या बनावट शेतकऱ्यांमुळेच.

अशिलाने मागील वर्षांत दुसऱ्याकडून चुकीचे विवरणपत्र भरून घेतले असेल, तर त्याला हाकलून देऊ नये वा घाबरवूही नये. २०२२ पासून अद्ययावत विवरणपत्राची वाट खुली झाली आहे आणि २०२५ च्या वित्त कायद्याने तिची मुदत २४ महिन्यांवरून ४८ महिन्यांपर्यंत वाढविली आहे. विलंबानुसार कर व व्याज यांच्या २५ ते ७० टक्के जादा भरावे लागतात; म्हणून जितक्या लवकर, तितके हलके. तसेच, नव्या आयकर कायद्याच्या अमलाची तारीख १ एप्रिल २०२६ असली, तरी २०२५-२६ पर्यंतच्या उत्पन्नाला १९६१ चाच कायदा लागू राहतो, हेही अशिलाला समजावून सांगावे. नव्या कायद्याने जुनी पाने पुसली जातात, असा समज कोणी पसरवीत असेल, तर तो वेळीच खोडून काढला पाहिजे.

यावर व्यवहारी आक्षेप ठरलेला आहे. "आम्ही नकार दिला, तर अशील शेजारच्या दुकानात जाईल." जाईल, काही जण निश्चित जातील. परंतु १९६१ च्या कायद्यातील कलम २७८ ने खोटे विवरणपत्र भरण्यास प्रवृत्त करणारा वा साहाय्य करणारा हाही शिक्षेस पात्र ठरविला आहे, हे त्या शेजाऱ्याने विसरू नये आणि आपणही विसरू नये. शिवाय गेलेल्या अशिलाबरोबर जे जाते, ते त्या वर्षाचे मानधन. खोटा आकडा लिहून राहिलेल्या अशिलाबरोबर मात्र रात्रीची झोप जाते.

सारा उपदेश सल्लागारांनाच करणे न्यायाचे होणार नाही. २०२४-२५ च्या उत्पन्नाची विवरणपत्रे भरण्याची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर २०२५ झाली आणि अखेरच्या क्षणी आणखी एक दिवस वाढली. शासनाची प्रणाली वेळेवर सिद्ध नसेल, तर घाई होते आणि घाईत चुका होतात. २०२४ च्या जुलैत तर हंगाम ऐन भरात असताना प्रणालीत असा बदल झाला, की विशेष दराच्या उत्पन्नावर कलम ८७अ च्या सवलतीची मागणी करणेच अशक्य झाले. मुंबईतील करसल्लागारांची, १९२६ पासून कार्यरत असलेली 'चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्स' ही संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेली. सवलत मिळते की नाही याचा निर्णय कायद्याप्रमाणे होईल. पण ती मागण्याचा मार्ग संगणक प्रणालीने बंद करता कामा नये, असे न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले. व्यवसाय संघटित असला आणि त्याचे हात स्वच्छ असले, तर शासनालाही तो चार शब्द सुनावू शकतो, याचे हे ठळक उदाहरण आहे.

शासनाने आता पुढचे पाऊल टाकावे. मानधन घेऊन विवरणपत्र भरून देणाऱ्या प्रत्येकाची नोंदणी सक्तीची करावी आणि प्रत्येक विवरणपत्रावर त्याचा क्रमांक यावा. त्यासाठी पदव्यांचे अवडंबर नको. अल्प शुल्काचे प्रशिक्षण आणि चुकल्यास नोंदणी रद्द होण्याचे भय पुरेसे आहे. झेरॉक्सच्या दुकानातील होतकरू तरुणाची रोजी त्यामुळे जाणार नाही, उलट तिला प्रतिष्ठा लाभेल. आणि तालुक्यातालुक्यांतील करसल्लागारांनी त्या कायद्याची वाट न पाहता, भरून दिलेल्या प्रत्येक विवरणपत्राच्या प्रतीवर आपले नाव आणि दूरध्वनी क्रमांक आजपासूनच लिहावा. ज्याला आपले नाव लिहिण्यास संकोच वाटतो, त्याने ते विवरणपत्र भरूच नये.