फायलो आणि रूपकार्थाची पळवाट

धर्मग्रंथांतील अडचणीच्या वचनांचा सरळ अर्थ टाकून त्यांतून भलताच उदात्त अर्थ काढणें हा विद्वानांचा एक सभ्य अप्रामाणिकपणाच होय, असें मत सुशिक्षितांत वारंवार ऐकूं येतें. जुन्या ग्रंथाची लाज वाटते पण तो टाकवतही नाहीं, अशा दुबळ्या मनाला सुचलेली ही पळवाट आहे, असें हे टीकाकार म्हणतात. आणि तिचा मूळ पुरुष म्हणून अलेक्झांड्रियाचा यहुदी तत्त्वज्ञ फायलो ह्याच्याकडे बोट दाखवितात. रूपकार्थ लावणारे सर्वच लोक प्रामाणिक असतात, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु फायलोवरील हा आरोप अन्यायाचा आहे. आणि तो तसाच चालूं दिल्यास वडिलार्जित ग्रंथ आणि नवी विद्या हीं दोन्ही ज्यांच्या वांट्यास आलीं आहेत त्या सर्वांवरच अन्याय होतो. म्हणून त्याचा परामर्श घेणें आम्हांस अवश्य वाटतें.

प्रथम इतिहास पाहूं. अलेक्झांडरनें इ. स. पू. ३३१ मध्यें वसविलेल्या ह्या नगरांत यहुद्यांची मोठी वस्ती झाली. त्यांच्या तोंडची हिब्रू जाऊन तेथें ग्रीक आली, आणि इ. स. पूर्वीच्या तिसऱ्या शतकांत मोशेच्या पंचग्रंथीचें ग्रीक भाषांतर झालें. बहात्तर पंडितांनीं तें केल्याची कथा कोणी मानो वा न मानो. त्या भाषांतराचा वार्षिक उत्सव फॅरोस बेटावर होत असे, असें खुद्द फायलोच सांगतो. परभाषा आपली झाली म्हणून पूर्वज परके होत नाहींत. कोंकणांतील बेने इस्रायल लोकांनीं एकोणिसाव्या शतकांत आपल्या पूर्वजांचीं आख्यानें मराठी कीर्तनांत गाइलीं, हें ज्यांस ठाऊक आहे त्यांस ह्यांत कांहींच नवल वाटणार नाहीं.

इ. स. पू. २० च्या सुमारास जन्मलेला फायलो अशा समाजांतला. घराणें श्रीमंत, शिक्षण ग्रीक, आवडता तत्त्वज्ञ प्लेटो. रूपकार्थाची युक्ति मात्र त्याची नव्हे. होमरच्या काव्यांतील देवांचीं भांडणें पाहून शरमलेल्या ग्रीकांनींच ती काढली. इ. स. पूर्वीच्या सहाव्या शतकांतील थिआजेनीस ह्याचें नांव ह्या कामीं प्रथम घेतात; पुढें स्टोइकांनीं ती वाढविली. यहुद्यांतही फायलोच्या सुमारें दीडशें वर्षें आधीं ॲरिस्टोब्यूलसनें ईश्वराचा ‘हात’ म्हणजे ईश्वराचें सामर्थ्य, असा अर्थ लावला होता. तेव्हां मूळ पुरुषत्वाचा आरोप येथेंच निकालांत निघतो.

आतां पद्धति पाहूं. आपल्या आलंकारिकांनीं लक्षणेला मुख्यार्थबाधाची अट घातली आहे. गंगेवर गवळीवाडा आहे असें म्हटलें, तर प्रवाहावर घरें उभीं राहूं शकत नाहींत, म्हणूनच ‘कांठावर’ असा अर्थ घ्यावयाचा. लहर आली म्हणून नव्हे. फायलोचा व्यवहार पुष्कळदां ह्याच अटीला धरून आहे. आदाम ईश्वरापासून झाडांत लपला, असें उत्पत्तीच्या पुस्तकांत आहे. पण सर्वव्यापी ईश्वरापासून लपणार कोठें? काइनानें नगर वसविलें; पण माणसें मूठभर असतां एकट्यानें नगर बांधावें कसें? सहा दिवसांत सृष्टि झाली. पण दिवस मोजणारा सूर्य होण्यापूर्वींचे दिवस कसले? फायलो हे प्रश्न झांकीत नाहीं, स्वतःच उपस्थित करितो. मग तो म्हणतो कीं, हें नगर दगडाविटांचें नसून दुर्जन आपल्या मनांत उभारीत असलेलें कुमतांचें नगर आहे. ज्याला लपवाछपवी करावयाची तो अडचणीवर असा बोट ठेवीत नाहीं. एदेनच्या चार नद्या म्हणजे चार सद्गुण, असें जेव्हां तो सांगतो, किंवा हिब्रू नांवांच्या ओढूनताणून व्युत्पत्ति देतो, तेव्हां त्याचा संयम सुटतो हें खरें. परंतु अतिरेकावरून पद्धतीचा निवाडा करणें न्याय्य नव्हे.

दुसरा आरोप पळवाटेचा. शब्बाथाचा अर्थ कळला, आतां शब्बाथ पाळावयाचें कारण काय? सुंता म्हणजे वासनांचा त्याग, मग प्रत्यक्ष सुंता कशाला? असें विचारणारे लोक अलेक्झांड्रियांत होतेच. ‘अब्राहामाचें स्थलांतर’ ह्या ग्रंथांत फायलोनें त्यांची चांगली कानउघाडणी केली आहे. त्याचें म्हणणें असें कीं, विधि हा देह आणि अर्थ हा आत्मा. आत्म्याचें घर म्हणून देहाची काळजी घेतली पाहिजे. हें त्याचें बोलणें केवळ पुस्तकी नव्हतें. इ. स. ३८ मध्यें अलेक्झांड्रियांत यहुद्यांचीं घरें लुटलीं गेलीं आणि त्यांच्या प्रार्थनास्थानांत बादशहाच्या प्रतिमा बसविल्या गेल्या. तेव्हां हा वृद्ध तत्त्वज्ञ शिष्टमंडळाचा पुढारी होऊन कालिगुला बादशहासमोर उभा राहिला, आणि डुकराचें मांस कां खात नाहीं, ही त्या उन्मत्ताची थट्टा त्यानें सोसली. वास्तविक पळवाट त्याच्या घरांतच होती. त्याचा पुतण्या टायबेरिअस ज्यूलिअस अलेक्झांडर हा पूर्वजांचे आचार सोडून मिसरचा सुभेदार झाला, आणि इ. स. ७० मध्यें जेरुसलेमच्या वेढ्यांत टायटसच्या छावणींत मोठा अधिकारी होता. चुलता त्या वाटेनें गेला नाहीं.

तिसरा आक्षेप मात्र बलवान् आहे, आणि तो यहुदी कुळांतच जन्मलेल्या स्पिनोझाचा आहे. १६७० मध्यें प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत त्यानें मायमोनिडीसला बजावलें कीं, धर्मग्रंथाचा अर्थ त्या ग्रंथावरून व त्याच्या भाषेवरूनच ठरवावा. आपलें तत्त्वज्ञान त्यांत घुसडूं नये. तोच प्रहार फायलोवरही पडतो. ग्रंथकाराच्या मनांत काय होतें, एवढाच प्रश्न असेल तर आम्ही निःसंकोचपणें स्पिनोझाच्या बाजूचे आहों. परंतु ज्या ग्रंथाच्या आधारानें एखादा समाज जन्म, विवाह आणि मृत्यु पार पाडतो, त्याला आणखी एक प्रश्न विचारावाच लागतो: ह्या वचनाप्रमाणें आज आम्ही कसें वागावें? ह्या प्रश्नाला निव्वळ वाच्यार्थवाद्यापाशीं दोनच उत्तरें असतात. एक तर ईश्वराला हातपाय आहेत असें मानावें, नाहीं तर ग्रंथ पेटींत घालून किल्ली फेंकून द्यावी. पहिल्यानें बुद्धि जाते, दुसऱ्यानें पूर्वज जातात. फायलोला दोन्हीही गमवावयाचीं नव्हतीं.

ह्यावरून वाटेल त्यानें वाटेल तो अर्थ काढावा, असा परवाना मिळतो काय? मुळींच नाहीं. जुन्या पोथ्यांत आगगाड्या आणि परमाणु शोधून फुशारकी मारणारांनीं तर फायलोचें नांव घेऊंच नये. हेराक्लायटसचें तत्त्व मोशेनें आधींच सांगितलें होतें, असें तोही एके ठिकाणीं म्हणतो. पण तें त्याचें वैगुण्य आहे, वैभव नव्हे. आमची कसोटी साधी आहे. अर्थ लावल्यावर वाचकाचें कर्तव्य वाढलें कीं घटलें? वाढलें असेल तर तो अर्थ विचारांत घेण्याजोगा. घटलें असेल, किंवा नुसता कुलाभिमानच वाढला असेल, तर ती पळवाट.

फायलोच्या एका रूपकाला ही कसोटी लावून पाहा. अब्राहामाची पत्नी सारा ही त्याच्या मतें प्रज्ञा, आणि दासी हागार म्हणजे व्याकरण, भूमिति, संगीत इत्यादि शालेय विद्या. दासीकडून शिकल्यावांचून स्वामिनीची योग्यता येत नाहीं; पण दासीच्याच मोहांत पडून कित्येक म्हातारे होतात, असेंही तो बजावतो. ज्यांना हा अर्थ अप्रामाणिक वाटत असेल, त्यांनीं तो उत्पत्तीच्या पुस्तकावर नसेना, पण आपल्या पदव्यांवर एकदां खुशाल लावून पाहावा.