प्रमाणासाठी एक बाई

आमच्या ग्रंथालयात एकोणिसाव्या शतकातील एचिंग चित्रांचा एक जाडजूड संग्रह आहे. त्यात ओन्दारिबिया या जुन्या बास्क गावाच्या मुख्य रस्त्याचे चित्र आहे. ते दाखवताना आमचे एक सर म्हणाले, "त्या बाईकडे फार लक्ष देऊ नका. घरांची उंची कळावी म्हणून ती घातली आहे. प्रमाणासाठी." सरांचा आदर राखून सांगतो, मला हे पटले नाही.

हे गाव स्पेनमध्ये, बिदासोआ नदीच्या मुखाशी आहे. पलीकडचा काठ फ्रान्सचा. तटाच्या सांता मारिया दरवाजातून आत शिरले की हा रस्ता चर्चकडे चढत जातो. दोन्ही बाजूंना पुढे आलेल्या नक्षीदार वळचणी, लोखंडी सज्जे, भिंतींवर बड्या घराण्यांची दगडी कुलचिन्हे. चित्रकाराने कुलचिन्हांची रेघ न् रेघ काढली आहे. बाईला मात्र तोंड नाही. डोक्यावर पाटी आहे, पण पाटीत काय आहे ते कळत नाही. (माझी आई पाटी घेऊन बाजाराला जाते. पाटी भरलेली की रिकामी, हे मला तिच्या मानेवरून कळते. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. म्हणून मला आधी हेच दिसत असेल.)

एचिंगची रीत मी मुद्दाम वाचून काढली. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देतात, त्यावर सुईने चित्र काढतात आणि पत्रा आम्लात बुडवतात. मेण निघालेल्या जागी आम्ल तांबे खाते. त्या खाचांत शाई भरून ओला कागद दाबला की छाप उठतो, पण उलटा! चित्रकाराने मुळातच उलटे काढले नसेल, तर डावीकडची घरे उजवीकडे जातात. पॅरिस-लंडनला चित्र विकत घेणाऱ्याला त्याचे काय? चूक कळेल ती त्या बाईला. मग प्रमाण कोणाचे मानायचे?

१६३८ साली फ्रेंच सैन्याने या गावाला दोन महिन्यांहून अधिक काळ वेढा घातला. गाव पडले नाही. त्याची आठवण म्हणून दर ८ सप्टेंबरला गावकरी सैनिकांच्या थाटात याच रस्त्याने संचलन करतात. परंपरेने स्त्रियांना त्यात एकच जागा: प्रत्येक तुकडीबरोबर एक 'कान्तिनेरा', म्हणजे सैनिकांना पेय पुरवणारी. बाकीच्यांनी कडेला उभे राहून टाळ्या वाजवायच्या. १९९६ साली काही स्त्रियांनी सैनिक म्हणून चालण्याचा हक्क मागितला. पुढच्या वर्षी हाइस्किबेल नावाची स्त्री-पुरुषांची तुकडी निघाली. त्यांना पाहून गावातल्याच लोकांनी पाठ फिरवली. पुढे पुढे तर काळे प्लास्टिक आडवे धरू लागले. त्यात बायकाही होत्या, हे लिहायला जड जाते.

हे सारे सरांना सांगितले. ते हसून म्हणाले, "अरे, पण त्या बायका या चित्रात कुठे आहेत?"

नाहीत, हे खरे. चित्रातली बाई जी चढण चढते आहे, तीच चढून त्या गेल्या.